पेशीला निरोप केव्हा पोचवायचा ते आपल्या हातात: सिग्नलिंगच्या अभ्यासात प्रकाश काय करतो

निपाणीजवळच्या एका गावातली, सध्या बेळगावात बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी. करणारी विद्यार्थिनी विचारते: "मॅडम, ऑप्टोजेनेटिक्स म्हणजे मेंदूचा विषय असं आम्ही शिकलो. पण पेशींच्या सिग्नलिंगचा, म्हणजे पेशी निरोप कसे घेतात-देतात याचा, अभ्यासही प्रकाशाने करतात असं वाचलं. ग्रोथ फॅक्टर (पेशीला वाढायला सांगणारं प्रथिन) किंवा इनहिबिटर (एखादं प्रथिन बंद करणारं रसायन) टाकून जे कळतं त्यापेक्षा प्रकाशाने जास्त काय कळतं? आणि मोठी लॅब हाताशी नसताना इथं राहून यातलं काही करता येईल का?"

ऑप्टोजेनेटिक्स म्हणजे पेशीत प्रकाशाला दाद देणारं प्रथिन घालून तिला प्रकाशाने चालवणं. त्यातली मेंदूची गोष्ट आधी संपवते. एका हिरव्या शेवाळातलं चॅनेलरोडॉप्सिन-२ हे प्रथिन चेतापेशीत घातलं, तर निळ्या प्रकाशाने ती पेशी हवी तेव्हा चेतवता येते, हे २००५ मध्ये बॉयडेन, डायसेरॉथ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. ते काम इतकं गाजलं की ऑप्टोजेनेटिक्स आणि मेंदू हे समीकरणच होऊन बसलं. पण चॅनेलरोडॉप्सिन हा आयन आत सोडणारा दरवाजा आहे. चेतापेशीला तेवढं पुरतं. त्वचेतली, यकृतातली किंवा कॅन्सरच्या गाठीतली पेशी मात्र प्रथिनांच्या साखळीतून निरोप पुढे नेते. कोणतं प्रथिन कोणाजवळ आहे, पेशीच्या कोणत्या भागात आहे आणि किती वेळ तिथं आहे, यावर सगळं ठरतं. म्हणून सिग्नलिंगवाल्यांची गरज वेगळी होती: प्रकाश पडला की दोन प्रथिनं जवळ यावीत आणि सांगितलं की सुटावीत.

आता मुख्य प्रश्न. उंदराच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीच्या गाठीपासून वाढवलेल्या पीसी१२ नावाच्या पेशी आहेत, तुझ्या पुस्तकात असतीलच. त्यांना ईजीएफ हे ग्रोथ फॅक्टर दिलं की त्या विभाजन पावतात. एनजीएफ हे दुसरं ग्रोथ फॅक्टर दिलं की विभाजन थांबवून चेतापेशीसारखे लांब धागे काढतात. गंमत अशी की दोन्ही निरोप आत जातात ते एकाच वाटेने: एकापुढे एक चेतणारी रास, राफ, मेक आणि शेवटी ईआरके ही प्रथिनं. फरक दिसतो तो वेळेचा. ईजीएफनंतर ईआरके झटक्यात वर जातो आणि तासाभराच्या आत खाली येतो. एनजीएफनंतर तो तासन्‌तास वरच राहतो. म्हणजे पेशी "ईआरके आहे का" एवढंच बघत नाही, "किती वेळ आहे" हेही मोजते. असा अंदाज १९९० च्या दशकापासून मांडला जात होता. तो तपासायचा कसा, हा खरा पेच होता.

कारण ईजीएफ टाकलं की आपण फक्त ईआरकेला हात लावत नाही. ईजीएफ ज्याला चिकटतं तो पेशीपटलावरचा रिसेप्टर पीआय३-कायनेज, फॉस्फोलायपेज अशा इतर वाटाही उघडतो, आणि थोड्या वेळात स्वतःच पेशीच्या आत ओढला जातो. नंतर ईआरके खाली आला तर तो साखळीतल्या ब्रेकमुळे आला की रिसेप्टरच जागेवर नाही म्हणून आला, हे सांगता येत नाही. धुवून काढायचं म्हटलं तरी चिकटलेलं ग्रोथ फॅक्टर लगेच सुटत नाही. इनहिबिटरचंही तसंच: बंद करता येतं, पण पाच मिनिटं चालू, दहा मिनिटं बंद, परत पाच मिनिटं चालू, असं दिवसभर करता येत नाही. उसाला पाटाने पाणी देणं आणि ठिबकने देणं यात जो फरक आहे तोच इथं आहे. पाटाने रान भिजतं, पण कोणत्या सरीला किती आणि केव्हा थांबवायचं हे हातात राहत नाही. प्रकाशाने ते हातात येतं. माझ्या मते प्रकाशाचं सगळ्यात मोठं देणं "चालू करणं" हे नाहीच. औषधानेही चालू करता येतं. हव्या त्या क्षणी बंद करता येणं, हे ते देणं आहे.

याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण म्हणजे जॅरेड टोएचर, ओरायन वायनर आणि वेंडेल लिम यांचं २०१३ चं काम. ते नीट समजून घे, कारण या क्षेत्राचा सगळा विचार त्यात आहे. रासला जागं करणारं सॉस हे प्रथिन एरवी पेशीद्रवात फिरत असतं. रास पेशीपटलाला आतून चिकटलेलं असतं. रिसेप्टर चेतला की सॉस पटलाकडे ओढलं जातं, रासच्या शेजारी येतं आणि काम सुरू होतं. म्हणजे सॉसचा काम करणारा तुकडा नुसता पटलापाशी नेऊन ठेवला तरी भागतं, रिसेप्टरची गरजच उरत नाही. त्यांनी फायटोक्रोम-बी हे वनस्पतीतलं प्रथिन पटलाला आतून टाचलं आणि त्याचा जोडीदार पीआयएफ हा सॉसच्या तुकड्याला जोडला. ६५० नॅनोमीटरचा लाल प्रकाश टाकला की जोडी काही सेकंदांत जमते आणि सॉस पटलावर येतं. ७५० नॅनोमीटरचा दूर-लाल प्रकाश टाकला की जोडी तितक्याच झटक्यात सुटते. दूर-लाल कायम ठेवून लाल कमी-जास्त केला तर मधल्या पातळ्याही मिळतात.

मग त्यांनी या पेशींना वेगवेगळ्या तालात लाल प्रकाश दिला आणि प्रत्येक वेळी ईआरके काय करतो ते बघितलं. उत्तर अनेकांना अनपेक्षित होतं. रास ते ईआरके हा तुकडा काही मिनिटांच्या छोट्या झटक्यापासून तासाभराहून लांब निरोपापर्यंत सगळं जवळजवळ जसंच्या तसं पुढे पाठवतो. आधीच्या प्रयोगांत दिसलेलं ईआरकेचं खाली येणं हे बऱ्याच अंशी रासच्या वरच्या भागात, म्हणजे रिसेप्टरच्या पातळीवर, घडत होतं. तर मग वेळ मोजतो कोण? साखळीच्या खाली असलेले घटक. त्याच कामात एसटीएटी३ नावाचं प्रथिन सापडलं. ते ईआरकेच्या छोट्या झटक्याला दाद देत नाही. ईआरके बराच वेळ वर राहिला तरच पेशी काही रेणू बाहेर सोडते आणि शेजारच्या पेशीत एसटीएटी३ चेततं. हा निष्कर्ष केवळ ग्रोथ फॅक्टर टाकून काढताच आला नसता, कारण वरचा आणि खालचा भाग वेगळा करण्यासाठी मधोमध घुसून आपल्या मनाप्रमाणे निरोप सोडावा लागतो.

इथं थोडं विषयांतर करते, कारण तू निपाणीकडची आहेस. हा फायटोक्रोम सापडला त्याच्या मुळाशी तंबाखू आहे. अमेरिकेच्या कृषी खात्यातले गार्नर आणि अ‍ॅलार्ड मेरीलँड मॅमथ या तंबाखूच्या जातीवर काम करत होते. ती उन्हाळ्यात नुसती उंच वाढायची, फुलायची नाही. दिवस लहान केले की फुलायची. १९२० मध्ये त्यांनी दिवसमानावर फुलणं ठरतं हे मांडलं. आपल्याकडे उसाला तुरा येतो तोही दिवसमान बघूनच. पुढे १९५२ मध्ये बेल्ट्सव्हिल इथं बोर्थविक, हेंड्रिक्स आणि सहकाऱ्यांनी लेट्यूसच्या बियांवर दाखवलं की लाल प्रकाशाने बी रुजतं, लगेच दूर-लाल दिला तर रुजणं रद्द होतं, आणि कितीही वेळा आलटूनपालटून दिला तरी शेवटचा प्रकाश कोणता एवढंच बी लक्षात ठेवतं. त्यामागचं रंगद्रव्य १९५९ मध्ये प्रत्यक्ष मोजता आलं. आज आपण सस्तन प्राण्याच्या पेशीत लाल-दूर-लाल असं जे खेळतो ते याच बियांच्या सवयीवर. शेतीच्या प्रयोगशाळेतलं काम साठ वर्षांनी कॅन्सरच्या प्रश्नाला उपयोगी पडलं याचा मला मनापासून आनंद वाटतो.

कॅन्सरचा प्रश्न कसा, तेही सांगते. २०१८ मध्ये बुगाय आणि सहकाऱ्यांनी हाच प्रकाशाचा हात कॅन्सरच्या पेशींना लावला. सामान्य पेशीत प्रकाश बंद केला की ईआरके काही मिनिटांत खाली येतो. बी-राफ या जनुकात काही विशिष्ट बदल झालेल्या पेशींत मात्र तो रेंगाळतो. मग लागोपाठ दिलेले वेगवेगळे झटके एकमेकांत मिसळतात, आणि पेशीला तो अखंड निरोप वाटतो. ज्या तालाला सामान्य पेशी विभाजन करणार नाही त्याच तालाला ही पेशी विभाजन करते. याहून महत्त्वाचं म्हणजे राफवर चालणारी काही औषधंही सामान्य पेशीत असाच रेंगाळ निर्माण करतात असं त्यांना दिसलं. एका वेळी ईआरकेची पातळी मोजणाऱ्या चाचणीत हा दोष लपून राहतो, कारण पातळी ठीक असते आणि बिघडलेला असतो तो काळ.

साधनं कोणती हे थोडक्यात, कारण त्याच्या याद्या कुठंही मिळतात. फायटोक्रोमला चालवायला फायकोसायनोबिलिन हे रंगद्रव्य लागतं. प्राणीपेशी ते बनवत नाही, त्यामुळे बहुतेक जण स्पिरुलिनातून काढून बाहेरून घालतात. निळ्या प्रकाशाच्या साधनांना ही अडचण नाही. अ‍ॅराबिडॉप्सिस या रोपातलं सीआरवाय२ आणि त्याचा जोडीदार सीआयबी१ (२०१० पासून वापरात) एफएडीवर चालतात, ओट या गवताचं एलओव्ही२ एफएमएनवर, आणि हे दोन्ही रेणू प्रत्येक पेशीत असतातच. सीआरवाय२ अंधारात सुटायला साधारण पाच मिनिटं घेतं, एलओव्ही२ एखाद-दुसऱ्या मिनिटात. पेशीच्या एका कोपऱ्यात काही करायचं असेल तर एलओव्ही२ सारखं झटपट सुटणारं चांगलं. २००९ मध्ये क्लाउस हान यांच्या गटाने रॅक१ हे प्रथिन एलओव्ही२ ला जोडून पेशीच्या एका कडेवर निळा ठिपका टाकला, आणि पेशीची ती कड पुढे सरकली. पुढच्याच वर्षी फळमाशीच्या अंडाशयातल्या एकगठ्ठा चालणाऱ्या पेशींत एकाच पेशीतला रॅक प्रकाशाने चेतवून सगळ्या घोळक्याची दिशा बदलता येते हे दाखवलं गेलं. पहिल्यांदा हात घालणाऱ्याने निळ्यापासून सुरुवात करावी, असं माझं मत.

निळ्याची एक मोठी अडचण मात्र आधीच डोक्यात ठेव. पेशीत काय चाललंय ते बघायला आपण चमकणारी प्रथिनं वापरतो, आणि त्यातल्या नेहमीच्या हिरव्या जीएफपीला चेतवायला ४८८ नॅनोमीटर लागतं. सीआरवाय२ आणि एलओव्ही२ त्याच प्रकाशाला जागे होतात. म्हणजे घेतलेला प्रत्येक फोटो हा पेशीला दिलेला निरोपही ठरतो. म्हणून वाचन लाल बाजूला न्यायचं, एमचेरीसारख्या प्रथिनांवर. ईआरके वाचायला आता केटीआर नावाचं सुंदर साधन आहे, २०१४ चं. कायनेज (इथं ईआरके) निष्क्रिय असताना ते केंद्रकात बसतं, सक्रिय झालं की बाहेर पेशीद्रवात येतं. केंद्रकाच्या आतली चमक आणि बाहेरची चमक यांचं गुणोत्तर काढलं की जिवंत पेशीत मिनिटामिनिटाला ईआरकेचा अंदाज मिळतो. पेशी मारून वेस्टर्न ब्लॉट (प्रथिनं वेगळी करून पट्ट्यांच्या रूपात बघण्याची चाचणी) करायची गरज पडत नाही. फायटोक्रोम वापरणार असशील तर उलट: लाल बाजूची वाचक प्रथिनं सांभाळून निवडायची.

आता ज्या भागावर मी विद्यार्थ्यांशी सगळ्यात जास्त बोलते तो भाग: कंट्रोल (तुलनेसाठीचे नमुने) आणि प्रकाशाची मोजणी. शोधनिबंधात हा भाग दोन ओळीत असतो आणि प्रयोग बसतो किंवा पडतो तो इथंच.

निळा प्रकाश पेशीला निरुपद्रवी नाही. मीडियातल्या रायबोफ्लेविनवर तो पडला की हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, आणि त्या ताणाने पी३८, जेएनके ही ताणाची प्रथिनं आणि कधी कधी ईआरकेही स्वतःहून चेततात. तुझ्या साधनाने काहीच केलेलं नसताना ब्लॉटवर पट्टा दिसू शकतो. म्हणून अंधारातली पेशी हा एक कंट्रोल पुरत नाही. साधन नसलेली पेशी, नेमक्या तेवढ्याच प्रकाशात, हवी. त्याहून चांगला कंट्रोल म्हणजे बिघडवलेलं साधन: सीआरवाय२ मध्ये ३८७ व्या जागचं अ‍ॅस्पार्टेट बदलून अ‍ॅलानिन केलेलं, किंवा एलओव्ही२ मध्ये ४५० व्या जागचं सिस्टीन काढलेलं. प्रथिन तेच, प्रमाण तेच, फक्त प्रकाश दिसत नाही. प्रकाशासोबत मेक इनहिबिटर दिलं तर परिणाम नाहीसा व्हायला हवा. आणि ईजीएफ देऊन ईआरके किती वर जातो ते शेजारी मोजून ठेवायचं, कारण प्रकाशाने पेशीला तिने जन्मात न पाहिलेल्या पातळीवर नेलंस तर त्या निकालाचा अर्थ लावता येत नाही.

प्लेटखाली एलईडी लावले की उष्णताही जाते. प्लेटमधल्या काही वेल्सच्या (खळग्यांच्या) तळाला बाहेरून काळी चिकटपट्टी लाव आणि त्यांच्याखालचे एलईडी चालूच ठेव. उष्णता पोचेल, प्रकाश पोचणार नाही. प्लेट काळ्या भिंतीची, पारदर्शक तळाची घे, नाहीतर शेजारच्या वेलचा प्रकाश झिरपतो. साधन पेशीत गेल्यापासून प्लेट फॉइलमध्ये. निळ्या साधनांसाठी लाल दिव्यात काम चालतं, फायटोक्रोमसाठी मंद हिरव्यात. फ्रीज उघडला की आतला दिवा लागतो, मोबाइलची स्क्रीन उजळते, इन्क्युबेटरच्या दाराच्या काचेतून ट्यूबलाइट आत येते. या तीन जागा आधी बंद कर.

मोजणी पेशी जिथं आहेत तिथंच करायची, म्हणजे प्लेटच्या तळापलीकडे, पॉवर मीटरने, आणि प्रति चौरस सेंटिमीटर मिलिवॅटमध्ये. मोबाइलवरचं लक्स मोजणारं अ‍ॅप इथं अजिबात चालत नाही. लक्स हे माणसाच्या डोळ्याला किती उजेड वाटतो त्याचं माप आहे. ४५० ला आपला डोळा मंद आहे आणि ७३० च्या पुढे जवळजवळ आंधळा. त्यामुळे लक्सचा आकडा छोटा आणि प्रत्यक्षात प्रकाश भरपूर, असं होतं. एकाच पाकिटातले एलईडीही सारखे नसतात. प्रत्येक वेल मोजून कोडमध्ये त्याचा भागाकार घालावा लागतो. आणि सतत प्रकाश कशाला द्यायचा? सीआरवाय२ मिनिटभरात थोडंच सुटतं. दर अर्ध्या मिनिटाला एक सेकंद दिला तर जोडी जवळजवळ टिकून राहते, आणि पेशीला मिळणारी एकूण मात्रा सतत प्रकाशाच्या तिसाव्या हिश्श्यावर येते.

तुझा दुसरा प्रश्न आता सोपा होतो. या कामाचा अर्धा भाग प्रकाश वेळेवर देणं आणि तो मोजणं हाच आहे, आणि त्याला कोटींची उपकरणं लागत नाहीत. २०१६ मध्ये जेफ्री टेबर यांच्या गटाने २४ वेल्सच्या प्लेटखाली बसणारं उपकरण खुलं करून दिलं, प्रत्येक वेलखाली दोन एलईडी. २०१९ मध्ये बुगाय आणि लिम यांनी ९६ वेल्ससाठी ऑप्टोप्लेट या तशाच उपकरणाची सगळी कृती छापली. दोन्हींचे आराखडे खुले आहेत. इथले इलेक्ट्रॉनिक्सचे विद्यार्थी अशा गोष्टी उत्तम बनवतात, एखादा जोडीला घे. पावसाळ्यात आपल्याकडे लाईट जाते-येते, त्याची सोय सुरुवातीपासून कर. नुसत्या आर्डुइनोला (एलईडी चालवणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डाला) वीज परत आल्यावर वेळ माहीत नसते, तो प्रोग्रॅम पहिल्यापासून सुरू करतो आणि तुझा पाच-दहा मिनिटांचा ताल न सांगता बदलतो. बॅटरीवर चालणारं घड्याळाचं मॉड्यूल आणि प्रत्येक झटक्याची वेळ कार्डवर लिहून ठेवणारा कोड, एवढं पुरे.

पहिला प्रयोग तुझ्या घरच्या मालावरच कर. तंबाखूच्या अनेक जातींच्या बियांना रुजायला उजेड लागतो. बी इतकं बारीक असतं की शेतकरी ते वाळूत नाहीतर राखेत मिसळून वरच्यावर फेकतात, खोल पुरत नाहीत, हे तू पाहिलंच असशील. आधी तुझ्या जातीचं बी अंधारात रुजत नाही ना ते तपास. मग पेट्री डिशमध्ये ओल्या कागदावर बी अंधारात भिजव, ६६० चा लाल, मग ७३० चा दूर-लाल, मग परत लाल, असं देऊन शेवटी अंधारात ठेव आणि रुजलेलं बी मोज. लाल आणि दूर-लाल यांच्यामधला काळ वाढवत जा. एका मर्यादेनंतर दूर-लाल उशिरा पडतो, निरोप पुढे गेलेला असतो. ती मर्यादा किती तासांची हे काढलंस तर तो खराखुरा सिग्नलिंगचा प्रयोग झाला. बियात लाल प्रकाशाने फायटोक्रोम ज्या पीआयएफ प्रथिनाला हटवतो, त्याचाच भाऊबंद वर सॉसला जोडलेला होता.

त्यानंतर पीडॉन. हा २०१२ चा प्लाझ्मिड, म्हणजे जिवाणूत घालायचं डीएनएचं छोटं वर्तुळ, आहे, अ‍ॅडजीन या ना-नफा संस्थेकडून मिळतो. ई. कोलाय या जिवाणूत तो घातला की निळ्या प्रकाशात त्याच्या पुढे लावलेलं जनुक चालू होतं. आत तीन मुख्य पात्रं आहेत: प्रकाश ओळखणारं हिस्टिडीन कायनेज वायएफ१, त्याचा निरोप घेणारं फिक्सजे, आणि अंधारात जनुक बंद ठेवणारं सीआय हे प्रथिन. प्लेटवर काळ्या कागदाचा आकार ठेवून वाढवलंस तर लाल प्रथिनाने गुलाबी झालेला भाग नुसत्या डोळ्यांना दिसतो. पण चित्र काढून थांबू नकोस. वायएफ१ अंधारात परत यायला घेतलेला वेळ मिनिटांच्या नव्हे, तासाच्या हिशेबातला आहे. दर पाच मिनिटांनी, दर वीस मिनिटांनी, दर दोन तासांनी एक झटका देऊन लाल प्रथिन मोज, आणि कुठं उतरती लागते ते आलेखावर बघ. त्या वळणावरून कायनेज किती वेळ "आठवण" ठेवतं ते काढता येतं.

बियांना परवानगी लागत नाही, पीडॉनला लागते. जनुकीय बदल केलेल्या जीवांसाठी १९८९ चे नियम आहेत, त्यानुसार काम संस्थेच्या जैवसुरक्षा समितीपुढे ठेवावं लागतं. तुझ्या विभागात समिती नसेल तर जिथं आहे अशा विभागातल्या मार्गदर्शकाबरोबरच काम कर. प्लाझ्मिड मागवण्याआधी हे कर, नंतर नको.

सस्तन पेशी आणि कॉन्फोकल मायक्रोस्कोप लागेल तेव्हा पुणे आणि बंगळूर दोन्ही इथून एका रात्रीच्या प्रवासावर आहेत. पुण्यातल्या एनसीसीएस, आयसर आणि बंगळूरच्या एनसीबीएस, आयआयएससी या संशोधन संस्थांमधल्या मायक्रोस्कोपी सुविधांकडे चौकशी करताना "ऑप्टोजेनेटिक्स करता का" असं विचारू नकोस. नेमकं विचार: ४५० ते ४८८ चा लेसर पेशीच्या निवडलेल्या भागावर टाकता येतो का, त्याच वेळी ५६१ ने वाचता येतं का, मायक्रोस्कोपच्या मंचावर ३७ अंश तापमान आणि कार्बन डायऑक्साइड ठेवता येतो का, आणि नमुन्यापाशी पडणारी शक्ती मिलिवॅटमध्ये मोजून देतात का. पत्रासोबत तुझ्या बियांचा आणि पीडॉनचा आलेख जोड.